एकाच रेकॉर्डच्या चार प्रती

“…ते सगळं खरं, मास्तर. पण या पिशवीतल्या चारींतली अस्सल कोणती, तेवढं सांगाल की नाही?”

श्रीरंग बोकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला. आवाजात आता थोडं आर्जव होतं आणि थोडा राग.

इनास मास्तर ओटीवर पाट घेऊन बसले होते. पुढ्यात परात, परातीत कोमट पाणी, पाण्यात मोड आलेले वाल. एकेक वाल ते चिमटीत धरत आणि दाबत. दाणा सुटून वाडग्यात पडे, साल बोटाला चिकटून राही.

“अस्सल म्हणजे?”

“जसं वाजलं तसंच ऐकू येणारी.”

“वाजलं तेव्हा तुम्ही होतात तिथं?”

“मी? माझा जन्मही झाला नव्हता.”

“हं…”

मास्तरांनी पुढचा वाल उचलला.

बोकील म्हणजे पुण्यातलं मोठं प्रस्थ. आता ज्या जगातलं ते प्रस्थ, ते जग एखाद्या मध्यम दिवाणखान्यात मावेल एवढंच, हा भाग वेगळा. जॅझची रेकॉर्ड घ्यायची झाली की त्या जगातली माणसं आधी बोकिलांना फोन करत. वादकांनी वाजवलंय कसं, हे कुणी विचारत नसे. ध्वनिमुद्रण कसं झालंय, कुठल्या देशातला छाप घ्यावा, नव्यानं मास्टर केलेली, म्हणजे आवाज पुन्हा घासूनपुसून घेतलेली घ्यावी की जुनीच बरी, असं विचारत. बोकील डोळे मिटून, दोन बोटं कपाळाला लावून उत्तर देत, आणि ते सहसा बरोबर निघे. खोटं कशाला बोला, माणसाला कान होता.

घरी ऐकायची वेगळी खोली होती. भिंतींना जाड कापड, खिडकीला दुहेरी काच, आणि मधोमध एक खुर्ची. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, जिथं आवाज नेमका जुळून येतो त्या जागी. खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खुणा केलेल्या होत्या, झाडताना कुणी हलवलीच तर परत जागेवर आणता यावी म्हणून.

खुर्ची एकच. त्यामुळं दुसऱ्या कुणी बसायचा प्रश्न नव्हता.

सुमेधाबाई, म्हणजे बोकिलांच्या पत्नी, सुरुवातीला दारात उभ्या राहून ऐकत. बोकील एकदा म्हणाले, दार उघडं राहिलं की खर्जातले सूर बाहेर निसटतात. तेव्हापासून त्या तिकडं फिरकल्या नाहीत. दार व्यवस्थित बंद राहू लागलं.

या माणसाला वसईजवळच्या या वाडीत कुणी पाठवलं, तर कामेरकर नावाच्या मित्रानं. “ऐकावं कसं, हे कळलेला एक म्हातारा मला ठाऊक आहे,” कामेरकर म्हणाला होता. “मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आयुष्यभर डबल बास वाजवायचा. माणसापेक्षा उंच असतं ना, ते वाद्य. आता रविवारी चर्चहून आला की चार-दोन माणसं जमवतो आणि रेकॉर्डी लावतो. त्याच्या घरात नियम एकच. लावलेली बाजू मधे उचलायची नाही.”

बोकिलांनी मनाशी एक चित्र रंगवलं होतं. एक जाणकार दुसऱ्या जाणकाराकडं जातो. दोघं थोडं बोलतात, बरंचसं न बोलता समजून घेतात. निघताना म्हातारा हात हातात घेऊन म्हणतो, तुमच्यासारखा कान पाहिला नव्हता.

प्रत्यक्षात म्हातारा वाल सोलत होता.

नाताळ होऊन गेला होता, तरी दारावरचा कागदी तारा अजून उतरवलेला नव्हता. सून शाळेत शिकवायला गेली होती. घरात मास्तर एकटेच होते. आत गॅसवर पाण्याचं आधण ठेवलेलं असावं, झाकणीचा आवाज येत होता.

बोकिलांनी पिशवीतून चार रेकॉर्डी काढून बाकावर ओळीनं मांडल्या. चारही कव्हरांवर तेच चित्र. एक रिकामी खुर्ची आणि तिला टेकवून ठेवलेला सॅक्सोफोन.

“ही पहिल्या छापाची,” ते म्हणाले. “परदेशातून मागवली. ही जपानी. यांचा पृष्ठभाग सगळ्यात शांत असतो, खरखर म्हणून नाही. ही मूळ टेपवरून नव्यानं मास्टर केलेली, जाड, वजनदार. हातात घेऊन बघा… आणि ही चौथी. हिच्या खाचा कोरताना टेप आणि यंत्र दोन्ही निम्म्या वेगानं चालवतात. बारीकसारीक तपशील सुटत नाहीत म्हणून.”

“चारींत गाणी निराळी आहेत?”

“नाही हो. तीच. तेच पाच वादक, तेच दिवस, तीच टेप.”

“मग एवढ्या कशाला?”

बोकील हसले. असल्या प्रश्नाला ते नेहमी जसे हसत तसेच. “तेच तर ठरवायचंय.”

“कधीपासून ठरवताय?”

“…झाली काही वर्षं.”

मास्तरांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. “आणि आता एकदम घाई कसली?”

त्यांनी एक कव्हर उचललं, त्याची कड बोटानं पुसली, परत ठेवलं.

“कान चाललेत,” ते म्हणाले.

मास्तर थांबले.

“उजव्याची नस कामातून जात चाललीय म्हणाले डॉक्टर. वरच्या पट्टीतलं जवळजवळ गेलंच. झांजा, ड्रमवरचे ब्रश… डावा अजून शाबूत आहे. पण तोही त्याच वाटेनं जाणार. केव्हा, ते सांगता येत नाही म्हणतात.” त्यांनी चारही कव्हरं ओळीत सारखी केली. “म्हणून म्हटलं, फरक कळतोय तोवर एक ठरवावी. बाकीच्या देऊन टाकायच्या. आणि मग उरलेल्या काळात तीच ऐकायची. शांतपणे.”

“आत्ता का नाही ऐकत?”

“आत्ता निवडतोय ना.”

“हं…”

वाडग्यात दाणे पडत राहिले. बोकिलांना म्हाताऱ्याचा राग आला. एवढी मनातली गोष्ट सांगितली, ती त्यांनी सुमेधाबाईंनाही अजून नीट सांगितली नव्हती, आणि यानं त्यावर ‘अरेरे’ एवढंसुद्धा म्हणू नये?

“लावा,” मास्तर म्हणाले.

रेकॉर्ड प्लेअर जुना होता, पण स्वच्छ होता. बोकिलांनी पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढून घातले. मऊ ब्रश काढला. मग स्पीकर शोधायला नजर फिरवली आणि चपापले. ओटीवर एकच स्पीकर होता.

“दुसरा?”

“आत. स्वयंपाकघरात.”

“स्वयंपाकघरात?”

“मार्था, माझी बायको, म्हणायची, तुम्ही बाहेर मजेत ऐकता आणि मला आत फक्त फोडणी ऐकू येते. मग एक आत नेऊन ठेवला.”

“आता त्या…?”

“गेली. स्पीकर राहिला.”

बोकिलांना वाईट वाटलं. पण त्याहून जास्त वाईट स्टिरिओचं वाटलं. “अहो पण मास्तर, जुन्या ध्वनिमुद्रणात वाद्यं दोन बाजूंना वाटलेली असतात. या रेकॉर्डमध्ये बास आणि पियानो एकीकडं, सॅक्सोफोन, ट्रंपेट दुसरीकडं. म्हणजे तुमच्याकडं बास ओटीवर वाजणार आणि सॅक्सोफोन…”

“चुलीपाशी.”

“हे असं तोडता येत नाही!”

“मी नाही तोडलं. तिनं तोडलं,” मास्तर म्हणाले आणि वालांकडं वळले.

बोकिलांनी पहिली रेकॉर्ड लावली. सुई अलगद टेकवली. पहिली बाजू सुरू होते ती एकट्या बासनं. साथीला कुणी नाही. जाड तारेवर बोट पडतं, तार थरथरते, लाकूड घुमतं. बोकील त्या आवाजाकडं झुकून उभे राहिले. डावा कान पुढं.

“ऐकलंत? तार सुटतानाचा आवाज… लाकडाचा घुमारा…”

बासचा तेवढा तुकडा संपत आला, तशी त्यांनी सुई उचलली. दुसरी रेकॉर्ड लावली. पुन्हा बास. पुन्हा तेवढ्यावर सुई वर. मग तिसरी. मग चौथी. हात असे सराईत चालत होते की बघत राहावं. नेमक्या त्याच क्षणी सुई टेकायची, नेमक्या त्याच क्षणी उचलायची.

घराचा नियम कामेरकरनं सांगितला होता. बोकील तो विसरले होते असं नाही. तो साध्या ऐकणाऱ्यांसाठी असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

“आता सांगा,” चौथी उचलून ते म्हणाले. “तिसरीत खर्ज जास्त भरदार, पण चौथीत बोटांचा स्पर्श स्पष्ट येतो. मला ठरवता येत नाहीये.”

मास्तरांनी हात पंचाला पुसले.

“मग पुढं काय झालं?”

“कशाचं?”

“त्या बासवाल्याचं. एवढा वेळ एकटाच वाजवत होता. कुणी आलं की नाही त्याच्या सोबतीला?”

बोकील गोंधळले. “येतात ना… सॅक्सोफोन येतो.”

“कसा?”

“म्हणजे… येतो. मग पियानो. मग सगळेच.”

“हळू येतो? का एकदम? त्याचं बोलणं पुरं होऊ देतो का मधेच तोडतो?”

बोकिलांनी आठवायचा प्रयत्न केला. बासचा प्रत्येक स्वर त्यांना पाठ होता. कुठं बोट तारेवरून घसरतं, कुठं वादक श्वास घेतो, सगळं पाठ. त्यापुढं मात्र धुकं होतं. कधीतरी, रेकॉर्ड पहिल्यांदा घरी आली तेव्हा, त्यांनी बाजू पूर्ण ऐकली असणार. नक्कीच ऐकली असणार.

“तुलनेसाठी सगळे हाच तुकडा घेतात,” ते म्हणाले. “एकटं वाद्य असलं की फरक पटकन कळतो. पुढं गर्दी होते.”

“आणि मागच्या बाजूला काय आहे?”

“दुसरी बाजू? ती नाही कुणी लावत.”

“का?”

“ते मुद्रण जरा कमी प्रतीचं आहे. निराळ्या दिवशी झालंय. ड्रमवरचा माईक कुठंतरी फाटतो. जाणकारांत सगळ्यांना माहीत आहे.”

“तुम्ही ऐकलीत?”

“…माहीत आहे मला.”

“हं.”

मास्तर हा एक हुंकार असा काढत, की त्याचं काय करावं ते समोरच्याला कळू नये. बोकिलांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. कुणीतरी चारचौघांत त्यांची परीक्षा घेतली आणि ते नापास झाले, असं त्यांना वाटत होतं. तिथं चारचौघे नव्हते, तरी.

“मास्तर, तुमचं कधी रेकॉर्डिंग झालं?” त्यांनी विचारलं. विषय बदलावा म्हणून, आणि थोडं टोचावं म्हणूनही.

“नाही.”

“एवढी वर्षं वाजवून?”

“कुणी केलं नाही.”

“मग ते सगळं… गेलंच की.”

“गेलं.”

“काहीच उरलं नाही?”

“लोक जेवायला यायचे. आम्ही वाजवायचो. जेवून ते घरी जायचे. त्यांच्याबरोबर गेलं.”

मास्तरांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. कुणी काही हरवल्याचं सांगितलं की आपण हळहळतो, तसं हळहळायला त्या आवाजात जागाच नव्हती.

“आत जा,” मास्तर म्हणाले. “आधण आलं असेल. बाजूच्या टोपात तांदूळ धुऊन ठेवलेत, ते वैर आणि गॅस बारीक कर. येताना एक पाट घेऊन ये.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते बोकिलांच्या लक्षात आलं नाही. ते आत गेले. तांदूळ वैरले. बायकोनं सांगितलं असतं तर या माणसानं दहा प्रश्न विचारले असते. इथं मुकाट्यानं गॅस बारीक केला आणि पाट शोधला.

ते बाहेर आले तेव्हा मास्तर प्लेअरपाशी पाठमोरे उभे होते. चार कव्हरांपैकी एक रिकामं होतं, पण चारही एकावर एक पालथी ठेवलेली. तबकडी फिरत होती. सुई टेकायची होती.

“कोणती लावलीत?”

“मागची बाजू.”

“ते नव्हे. चारींतली कोणती?”

मास्तरांनी परातीकडं बोट दाखवलं. “बस. हे सोल.”

“वाल सोलता सोलता ऐकायचं?”

“आम्ही वाजवायचो तेव्हा लोक जेवत असत, बाबा. काटे-चमचे, बश्या, बिलावरून भांडणं. कुणी एक माणूस मधेच खाणं थांबवायचा. आम्हाला तेवढं पुरायचं.”

बोकिलांनी हातमोजे काढून खिशात ठेवले आणि पाटावर बसले. मांडी घालून बसायची सवय गेली होती. गुडघा कुरकुरला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “थोड्या वेळात मी सांगतो कोणती ते. डोळे मिटून सांगतो.”

“बरं,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी सुई टेकवली.

पहिल्यांदा खरखर आली. बारीक. म्हणजे जपानी नव्हे, बोकिलांनी मनात नोंद केली. किंवा प्लेअरची सुई झिजलेली असेल. थांबावं लागेल, पियानो आला की कळेल.

वाल हातातून निसटत होते. एक दाणा उडून मास्तरांच्या पायाशी गेला. मास्तरांनी तो उचलून वाडग्यात टाकला.

पियानो आला. मग ड्रम, आणि हो, झांजेच्या आवाजाला कडेनं फाटल्यासारखं होत होतं. लोक म्हणतात ते खरं होतं. बोकिलांनी तोंड वाकडं केलं. उजव्या कानाला ते ऐकूच येत नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मग आत, भिंतीपलीकडं, सॅक्सोफोन सुरू झाला.

आणि तो चुकला.

ते चुकणं लपण्यासारखं नव्हतं. त्यानं यायला हवं होतं त्याच्या थोडं आधीच तो आला. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत कुणी बोलू लागावं, तसा. एक क्षण सगळं डळमळलं. बोकिलांचा हात परातीत थांबला. आता हे थांबणार, त्यांना वाटलं. पुन्हा पहिल्यापासून घेणार.

थांबलं नाही. बासवाला, जो एवढा वेळ आपल्या जागी ठामपणे चालला होता, त्यानं आपली जागा सोडली. सॅक्सोफोन जिथं चुकून जाऊन उभा होता तिथं तो गेला. एवढा अलगद गेला, की चूक कुठं झाली होती ते मागं वळून शोधावं लागावं. पियानोवाल्यानं हात उचलून दोघांना वाट दिली. ड्रमवाला हसला. खरंच हसला, रेकॉर्डवर ऐकू येत होतं ते.

बोकिलांना हसू आलं. आपण हसतोय हे त्यांना नंतर कळलं.

सॅक्सोफोन आता आत काहीतरी सांगत होता. हळू आवाजात, आणि बोकिलांना ते पुरतं ऐकू येत नव्हतं. भिंत मधे होती, आणि तो उजवा कान. ते थोडे सरकले. मग डावा कान दाराकडं केला. मग उठले.

वाडगा हातातच होता. तो घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात गेले, आणि मग आत.

स्पीकर फळीवर होता, मिठाच्या बरणीशेजारी. सॅक्सोफोन तिथून येत होता. बास मागं, ओटीवर राहिला होता, पण तिथूनही त्याची चाल जमिनीतून पायांना कळत होती. सॅक्सोफोन एक वाक्य म्हणायचा आणि थांबायचा. बाहेरून बास त्याला हुंकार द्यायचा. सॅक्सोफोन मग पुढचं सांगायचा. एकदा तो मधेच थांबला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. पियानो थांबला. ड्रमवाल्यानं ब्रश उचलून धरले असावेत. बास मात्र अगदी हळू चालत राहिला, बोलायचं नसेल तर नको बोलूस, मी आहे, असं सांगत.

बोकिलांचे डोळे भरून आले. का ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना बरं वाटत होतं. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि वाटत नाहीये हेही कळलं नव्हतं. पाठोपाठ भीती आली. हे जाणार. हा आवाज आपल्या कानातून जाणार, एक दिवस हा माणूस वाजवत असेल आणि आपण समोर बसलेले असू आणि काही येणार नाही. मग सॅक्सोफोन पुन्हा बोलू लागला आणि ते ऐकू लागले.

बाजू संपली. सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली. खर्र… टक्. खर्र… टक्.

मग तेही थांबलं.

बोकील तसेच उभे होते. बाहेर मास्तर काहीतरी उचलत-ठेवत असल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बोकील वाडगा घेऊन ओटीवर आले.

चारही रेकॉर्डी आपापल्या कव्हरांत गेल्या होत्या. मास्तर त्या एकावर एक ठेवून कड सारखी करत होते.

“भात लागला वाटतं,” मास्तर म्हणाले.

करपल्याचा वास आता बोकिलांनाही आला. ते धावत आत गेले, गॅस बंद केला, झाकण उचललं. तळाचा सगळा थर काळा झाला होता. ते वाफेत हात मारत परत आले.

“मी तिथंच उभा होतो हो… अगदी शेजारी…”

“असू दे. वरचा खाऊ.”

बोकील पाटावर बसले. वाडग्यात बघितलं. सोललेले, न सोललेले आणि नुसती सालं, सगळं एकत्र झालेलं होतं. त्यांनी ते निवडायला सुरुवात केली, मग सोडून दिलं.

“तो चुकला,” ते म्हणाले.

“हं.”

“आणि दुसरा त्याच्याकडं गेला.”

“हं.”

“तुम्ही असं केलंयत कधी? वाजवताना?”

“रोज.”

“आणि कुणाला कळायचं?”

“ज्याच्याकडं गेलो, त्याला.”

वाडीतल्या विहिरीवर कुणीतरी पंप सुरू केला आणि पाणी पाटातून वाहू लागल्याचा आवाज आला. बोकिलांनी तो दोन्ही कानांनी ऐकायचा प्रयत्न केला.

“घरी एकच खुर्ची आहे,” ते एकाएकी म्हणाले. मास्तरांना ते का सांगितलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मास्तरांनी वाडग्यातला एक न सोललेला वाल उचलून सोलला.

उन्हं कलली. पुण्याचा रस्ता लांबचा होता. बोकील उठले, ब्रश पिशवीत टाकला, आणि मग त्यांची नजर त्या चार कव्हरांवर गेली. तेच चित्र, चार वेळा. त्यांचा चेहरा बदलला. जे विचारायला एवढ्या लांब आले होते ते त्यांना आत्ता आठवलं.

“मास्तर… मघाशी ती कोणती होती?”

“तू सांगणार होतास.”

“हो.”

“डोळे मिटून.”

“हो, पण…” बोकिलांनी आठवून पाहिलं. खरखर आठवली, जपानी नव्हे असं वाटल्याचं आठवलं. त्यापुढं एकही खूण त्यांनी ऐकली नव्हती. “ते बघायचं राहूनच गेलं.”

“हं…”

“तुम्हाला माहीत असेल ना?”

मास्तरांनी चारही रेकॉर्डी पिशवीत भरल्या आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

“पण मग…” बोकील उंबऱ्यात अडले. “कान शाबूत आहेत तोवर निवडायचीय मला. तुम्हीच सांगा. यांतली ठेवू कोणती?”

मास्तर परातीतलं पाणी केळीच्या बुंध्यात ओतायला निघाले होते. ते क्षणभर थांबले.

“आत्ता ऐकलीस ना… ती ठेव.”